आधी ताटात बघा
सासऱ्यांना पोट साफ व्हायला रोज रेचक चूर्ण द्यावं का, असं ताईंनी वर विचारलंय. ताई, आधी ताटात बघा. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात ज्वारीची भाकर मागे पडून भात आला, तेव्हापासून ही तक्रार घरोघरी ऐकतो. भाकर, अंबाडीची भाजी अन् जवसाची चटणी परत आणा. 100 ग्रॅम जवसात साधारण 27 ग्रॅम तंतुमय भाग असतो. तो पाणी शोषून फुगतो, म्हणून सोबत पाणी, ताक भरपूर हवं, नाहीतर शौच आणखी अडतं. एका चमच्यापासून सुरुवात करा. पण शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही चार महिने ओवा-हिंगच देत राहिलो, ते अजून मनाला लागतं.