मदत हवी आहे: लेखक गावचाच आहे, पण चारचौघांत बोलायला तयार नाही

नमस्कार मंडळी,

पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव आहे. गावच्या वाचनालयाचं काम मी बघते. काम म्हणजे शाळा सुटल्यावर कुलूप उघडायचं, पुस्तकांची देवघेव करायची आणि पावसाळ्यात बुरशीशी भांडायचं.

यंदा आमच्या भागातल्या लिहित्या माणसांशी गप्पांचे कार्यक्रम सुरू करायचे आहेत. बाहेरून नामवंत वक्ता आणायचा नाही, हे आधीच ठरवलंय. खोऱ्यात लिहिणारे कमी नाहीत. एका निवृत्त गुरुजींनी आसपासच्या वाड्यांमधल्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून ठेवल्यात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात रोजंदारीवर जाणारा एक दादा कविता करतो. आणि आमचे नाना.

नानांचं लहानपणीचं घर शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली गेलं. पुढं सगळी उमर माथाडी कामात, आधी मशीद बंदर, मग वाशी मार्केट. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून त्यांनी स्वतःच पुस्तक छापलं. निम्म्या प्रती अजून माळ्यावर पडून आहेत. त्यात गाव उठताना कुणी काय काय उचललं याची नुसती यादी आहे, दोन पानं. जातं, मुसळ, तुळशीची माती गोणपाटात, गोठ्यातला खुंटा. एका बाईनं दाराची कडी उचकटून घेतली. नवीन घराला दार कधी मिळणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण कडी घेतली. ही दोन पानं वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.

अडचण अशी की नाना बोलायला तयार नाहीत. "लिवलंय त्ये वाचा की. बोलायचं काय त्यात?" एवढंच म्हणतात. त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. शेजारच्या गावात असाच एक प्रकाशन समारंभ झाला. आजी सरपंच, माजी सरपंच, देणगीदार, त्यांचे सत्कार, सत्काराला उत्तरं. लेखकाच्या हातात माईक आला तेव्हा मुक्कामी एसटी येऊन उभी राहिली होती आणि लोक आपापल्या पिशव्या उतरवायला उठले होते. नाना त्या कार्यक्रमाला हजर होते.

दुसरी अडचण वेळेची. निम्मं गाव नवी मुंबईत, कोपरखैरणे-घणसोलीला. माणसं येतात गौरी-गणपतीला, शिमग्याला आणि यात्रेला. तेव्हा कुणाला श्वास घ्यायला सवड नसते. सवड असते तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पावसाळ्याचं तर नावच नको. जवळच्या नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यात सभा कसली भरवता!

जागा दोनच: शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप. मंडप मोठा आहे, पण तिथं भजनी मंडळाचा माईक हातात आला की कुणीही माणूस आपोआप कीर्तनाच्या सुरात जातो.

तर, न बोलणाऱ्या लेखकाला बोलतं कसं करायचं? मानधन द्यावं का, किती? कुणी डोंगरातल्या लहान गावात असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

घाटवाट

ताई, भाषण ठेवूच नका. मुलाखत ठेवा, पण सूत्रसंचालनाची हौस असलेल्या माणसाला बसवू नका. नानांच्या बरोबर मुंबईत गावकीच्या खोलीवर राहिलेला कुणी असेल ना? त्याला समोर बसवा. तो खोडी काढेल, "खोटं लिवलंस तू, तवा मी बी हुतो की" म्हणेल, आणि नाना सुटतील.

"लेखनाची प्रेरणा काय" हा प्रश्न कटाक्षाने टाळा. पहिली गोणी पाठीवर घेतली तेव्हा हुक कुणी धरायला शिकवला, हे विचारा. आमच्याकडे जावळीत एका धनगर आजोबांना कुणीतरी "आपला साहित्यप्रवास सांगा" म्हणालं. आजोबा म्हणाले, "प्रवास यष्टीनं केला," आणि गप्प बसले.

आणखी एक. यादीची ती दोन पानं शाळेतल्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. वाचताना ती कुठंतरी अडखळेल, नाना दुरुस्त करतील. तिथून पुढं कुणी काही विचारायची गरज पडत नाही.

पुस्तकवेडी

जागेबद्दल. भिलारला जाऊन आलात का? महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं, राज्य मराठी विकास संस्थेचा उपक्रम आहे. तिथं पुस्तकं एका इमारतीत कोंडलेली नाहीत. लोकांच्या घरांत, ओसरीवर मांडलीत, एका घरी कविता तर दुसऱ्या घरी इतिहास. मला तिथं सगळ्यात आवडलं ते हे की घरातली माणसं त्यांची कामं करत असतात आणि आपण वाचत बसतो. कुणी आपल्याकडे बघतसुद्धा नाही.

भिलारला पर्यटक असतात, तुमच्याकडे नसतील. पण ओसरीची कल्पना उचला. नानांच्याच ओसरीवर कार्यक्रम. वीस-पंचवीस माणसं म्हणजे ओसरी भरली, माईकची गरज नाही. शिवाय स्वतःच्या घरी माणूस पाहुण्यांना हाकलून देऊ शकत नाही.

गुरुजींच्या ओव्यांबाबत मात्र एक शंका. लेखक म्हणून मांडी घालून बसणार गुरुजी, आणि ज्यांनी ओव्या रचल्या त्या बाया चहा करणार, असं होऊ नये. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळातून सुरुवात करून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीसोबत टिपून ठेवलं होतं. गुरुजींच्या वहीत नावं आहेत का?

मूळ प्रश्नकर्ती

पुस्तकवेडी, वही आजच बघून आले. वाड्यांची नावं आहेत, बायांची नाहीत. गुरुजी म्हणाले, बऱ्याच जणी ओळखू येतील, आवाज आठवतात. आता त्यांच्यासोबत वाडीवाडीवर जाऊन नावं घालणार. पण पुरुषांसमोर त्या गाणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितलंय एकीनं. तो कार्यक्रम फक्त बायकांचा, दुपारी, कुणाच्या तरी परड्यात करता येईल.

घाटवाट, नानांचे जोडीदार आहेत, कोपरखैरण्याला असतात. जीभ सैल आहे.

जुना श्रोता

थोडा वेगळा सूर लावतो. ओसरी, गप्पा, सगळं छान. पण घरगुती म्हटलं की वेळेचा बट्ट्याबोळ होतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, ती आजवर टिकली. माझ्या मते वक्त्यांपेक्षा त्यात ठरलेल्या दिवसांचा वाटा मोठा आहे. श्रोत्याला कुणी निमंत्रण द्यावं लागत नाही, त्याला तारीख पाठ असते.

तेव्हा दर महिन्याला एक दिवस पक्का करा. चार माणसं आली तरी ठरल्या वेळेला सुरू करा. तासाभरात संपवा. पाहुण्यांचा परिचय एक वाक्य. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, आभार हे सगळं वगळलंत तर लोक तुम्हाला दुवा देतील. सरपंचांना पहिल्या रांगेत बसवा, बोलायला उभं करू नका. ते रागावतील, पण पुढच्या महिन्यापर्यंत विसरतात.

कराडकर

मानधनाचं पाकीट नानांच्या हातात देऊ नका, ते घेणारही नाहीत. त्यापेक्षा माळ्यावरच्या प्रती छापील किमतीला विकत घ्या. वाचनालयाला दोन, खोऱ्यातल्या प्रत्येक शाळेला एक. पैसे कुठून? गावच्या मुंबई मंडळाकडून. देवळाच्या रंगाला वर्गणी देतात, याला का नाही देणार! बाहेरगावचा लेखक असेल तर एसटीचं भाडं, रात्रीचा मुक्काम आणि नाचणीची भाकरी. शाल-श्रीफळाच्या खर्चात चार पुस्तकं येतात.

तारीख सुचवतो: ११ डिसेंबर. १९६७ साली त्याच दिवशी पहाटे सव्वाचार उलटल्यावर कोयनेचा भूकंप झाला. तुमच्या गावातल्या साठी-पासष्टीपुढच्या प्रत्येकाकडे त्या पहाटेचं काहीतरी आहे, ते सांगायला आपणहून येतील. योगायोग म्हणजे जगभरात तोच पर्वत दिवस म्हणून पाळतात. भातं घरात आलेली असतात, मळणी उरकलेली असते.

चाकरमानी

सगळे गावात कार्यक्रम कसा करायचा ते सांगताय. माझा प्रश्न: नानांचे वाचक आहेत कुठं? वाशी मार्केटात घाम गाळलेली माणसं कोपरखैरण्यात बसलीत. त्यांच्या पोरांनी ते गाव पाहिलं नाही, बुडालेलं तर नाहीच नाही. रविवारी दुपारी एखादा हॉल मिळवा, नानांना आणा. तुमच्या ओसरीवर जितके येतील त्याच्या चौपट इथं येतील आणि प्रतीही संपतील. हॉलचं मी बघतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नानांकडे गेले होते. ओसरीवर बसायचं, माईक नाही, सत्कार नाही आणि जोडीदार समोर, असं सांगितल्यावर म्हणाले, "त्यो येणार आसंल तर बघू. त्यो लई खोटं बोलतो, कुणीतरी खरं सांगाया पायजे." मी हा होकार समजतेय.

११ डिसेंबर पक्की, दुपारी तीनला सुरू. म्हणजे साडेचारच्या परतीच्या गाडीनं खालच्या वाडीची माणसं वेळेत जातील. कोपरखैरण्याचा कार्यक्रम त्यानंतर; चाकरमानी, तुमचा व्यनि मिळालाय, जानेवारीतला रविवार बघा.

जुना श्रोता, दर महिन्याचं वचन मला झेपणार नाही. पावसाळ्यात रस्ताच बंद असतो. नोव्हेंबर ते मे, दर अमावास्येला करायचा विचार आहे. त्या दिवशी आमच्याकडे बरेच जण शेताचं काम बंद ठेवतात, आणि तारीख कॅलेंडरात आधीच छापलेली असते.

आता शेवटचं. आवाज मुद्रित करून ठेवायचा आहे. मोबाइलवर करून बघितलं, तर ओसरीवर वारा एवढा की निम्मं ऐकूच येत नाही. कॉलरला लावायचा छोटा माईक घ्यावा म्हणते, पण तो एकाच माणसाचा आवाज पकडतो असं ऐकलंय आणि इथं दोघं एकदमच बोलणार. हजार-दोन हजारांत काय घ्यावं? वायरवाला की बिनवायरचा? कुणी वापरला असेल तर सांगा. आणि नानांच्या प्रती हव्या असतील त्यांनीही व्यनि करा, टपालानं पाठवते.