मदत हवी आहे : सापाचं तोंड मिटत नाहीये!!

मातीकाम : कागदाच्या लगद्याचं सापाचं डोकं केलंय, वरच्या जबड्याला लांब सुळे पक्के बसवले, आता जबडा मिटवला की ते खालून बाहेर येतात. कापले तर साप बोळका दिसेल. वाघ, कोळी, रक्तपिपासू वटवाघूळ झालेत, हाच अडलाय. उद्या रंगवायचंय, लवकर सांगा.

रानभूल : कुठला साप?

मातीकाम : विषारी. त्याने काय फरक पडतो?

रानभूल : त्यानेच पडतो. घोणस-फुरशाचे विषदंत लांब, पण ते ज्या हाडावर असतात ते हाडच फिरतं, त्यामुळे तोंड मिटलं की दात मागे टाळूला टेकून आडवे पडतात, घडीच्या चाकूसारखे, आणि चावताना उभे राहतात. गॅबून व्हायपरचे 5 सेंमीपर्यंत असतात तरी तोंड व्यवस्थित मिटतं. नाग, मण्यार यांचे पुढेच पण आखूड, दुमडत नाहीत. हरणटोळाचे तर जबड्यात मागे. आता सांगा कुठला?

उगाचएक : साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, हालचाल कमी करा, लगेच हॉस्पिटल गाठा.

मातीकाम : अहो लगद्याचा आहे!!

झाडपाला : बिजागरी लावा, मी मगरीला लावली होती, मस्त चालते.

रानभूल : आधी साप तर कळू दे, नागाला बिजागरी कशाला?

झाडपाला : दिसायला भारी दिसतं म्हणून. बाकी सुळे म्हणजे मांसाहारी, एवढं कळलं की बास.

टिवल्याबावल्या : काहीही. कस्तुरीमृग पाला, शेवाळ खातो, नराला शिंगं नाहीत पण सुळे ओठाबाहेर, माद्यांसाठी भांडायला. पाणघोड्याचं पण तेच, गवत खातो आणि सुळे बघा केवढे. वाघसुद्धा सुळ्यांनी गळा धरून ठेवतो, मांस कापायला दाढा वेगळ्या. आणि ते वटवाघूळ सुळ्यांनी रक्त ओढताना केलं नाहीये ना? ते पुढच्या पटाशीच्या दातांनी कातडी कापतं आणि रक्त चाटतं, लाळेमुळे रक्त गोठत नाही.

मातीकाम : वटवाघूळ झालंय म्हटलं ना. सापाला फणा आहे.

रानभूल : हे आधी सांगायचं! नाग आहे मग. कापा बिनधास्त, नागाचे आखूडच असतात, बोळका नाही दिसणार.

मातीकाम : कापतो. थँक्स.

टिवल्याबावल्या : कोळ्याचे सुळे कसे वळवलेत? टॅरंटुला असेल तर दोन्ही वरून खाली पाहिजेत, घरातला साधा कोळी असेल तर चिमट्यासारखे समोरासमोर.

मातीकाम : 😡

झाडपाला : बिजागरी उरली असेल तर कोळ्याला लावा.