ऊद, अगर की अगरु?

सांजवात: आसामवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात 'अगरवूड' हे सुगंधी लाकूड येतं. मी 'ऊदाचं लाकूड' लिहिलं, तर संपादकांनी काट मारून 'चंदन' केलं! काय लिहू?

खारीबटर: चंदन साफ चूक. चंदनाच्या गाभ्याला वास मुळातच असतो. अगरचं निरोगी झाड म्हणजे पांढरं, हलकं, बिनवासाचं लाकूड. खोडात अळी शिरते, मागोमाग बुरशी, आणि त्या जखमेभोवती राळ साठून लाकूड काळं पडतं. किंमत त्या काळ्याला. मी चार वर्षं जोरहाटला होतो. तिकडे परसात सुपारीबरोबर ही झाडं लावतात, 'साँची' म्हणतात. अळी लागेना तर खोडात खिळे ठोकतात. मग तोडून पटाशीने पांढरं खरवडत बसायचं. नखाएवढी काळी ढलपी निखाऱ्यावर ठेवली की कडेला तेल बुडबुडतं.

गुहागरी: 'ऊदाचं लाकूड'ही नको. अरबीत ऊद म्हणजेच लाकूड. लाकडाचं लाकूड झालं की! शिवाय आपल्याकडे ऊद म्हणजे पिरापुढे जाळतात तो खडा. सरळ 'अगरु' लिहा, संस्कृत आहे.

तिरपागडा: आलं संस्कृत! अ-गुरु म्हणजे जड नसलेलं. आणि उत्तम अगर पाण्यात बुडतो, चिनी नावाचा अर्थच 'बुडणारा सुवास'. तमिळ 'अकिल'वरून उचललेला शब्द असणार, व्युत्पत्ती मागाहून चिकटवली. पोर्तुगीजांनी 'आगिला' केलं, त्याचा पुढे लॅटिनमध्ये 'अक्विला', म्हणजे गरुड झाला. शास्त्रीय नाव अक्विलारिया. गरुड कुठून आला, देव जाणे.

गुहागरी: उसना असेना. रघुवंशात रघूचे हत्ती प्राग्ज्योतिषात, म्हणजे जुन्या आसामात, कालागुरूच्या (काळ्या अगरूच्या) झाडांनाच बांधलेत. तेव्हापासूनचा शब्द परका कसा?

सांजवात: नुसतं 'अगर' चालेल? की वाचक 'किंवा' समजतील?

खारीबटर: नाहीतर चायना ग्रास, जेलीत घालतात ते अगर-अगर. :)

तिरपागडा: उदबत्ती, अगरबत्ती रोज म्हणतो, बहुतेकींत ना ऊद ना अगर. कुणाचं अडलंय?

मधली आळी: आजीचं एक उदी लुगडं होतं, तपकिरी. तो रंग ऊदावरूनच ना?

गुहागरी: मला वाटतं उदमांजरावरून.

तिरपागडा: काहीतरीच. उलट वासामुळे मांजराला ऊद चिकटला असेल.

मधली आळी: वासाचं खरंय हं. आमच्या माळ्यावर उदमांजर आलं की आंबेमोहोर शिजल्यासारखा वास सुटायचा. आई आधी चुलीवरचं झाकण उघडून बघायची.

सांजवात: अहो, प्रुफं परवा जायचीत.

गुहागरी: आमच्याकडे त्याला कांडेचोर म्हणतात.