मदत हवी आहे: क्यूबीओ आणि एसएसडब्ल्यूचा मेळ बसत नाही, कुठे चुकतंय?

अक्षांश६०:
क्यूबीओ म्हणजे विषुववृत्तावरच्या स्थितांबरात (स्ट्रॅटोस्फिअर) साधारण २८ महिन्यांनी दिशा पालटणारे वारे. ते ईस्टरली (पूर्वेकडून येणारे; पश्चिमेकडून येणारे ते वेस्टरली) असले की उत्तरेचा ध्रुवीय भोवरा, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती स्थितांबरात फिरणारा वेस्टरली वारा, दुबळा असतो, असं होल्टन आणि टॅन या शास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवलं. त्यावरून ईस्टरली हिवाळ्यांत एसएसडब्ल्यू, म्हणजे ध्रुवावरच्या स्थितांबराचं अचानक तापणं, जास्त दिसायला हवं. पण १९७९ पासूनच्या हिवाळ्यांची मोजदाद केली तर दोन्ही गटांत फारसा फरक येत नाही.

वापरलेलं:
- क्यूबीओ: सिंगापूरची मासिक फाइल, ३० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाने सांगितलेली उंची, आकडा लहान तितकी पातळी वर), डिसेंबर ते मार्च सरासरी
- एसएसडब्ल्यू: ईआरए५ (जुन्या हवामानाचा पुनर्विश्लेषित जागतिक डेटा), १० हेक्टोपास्कल, ६० उत्तर. झोनल सरासरी (पूर्ण अक्षांशवृत्तावरची) वारा शून्याखाली गेला की एक घटना
- उष्णतेचं एडी वहन (लाटांनी ध्रुवाकडे नेलेली उष्णता): १०० हेक्टोपास्कल, ४५ ते ७५ उत्तर, मासिक सरासरी फाइलींवरून. उत्तर सगळीकडे 'नॅन' (म्हणजे आकडाच नाही)!

उंचवारा:
नॅनचं आधी. ईआरए५ मध्ये अक्षांश ९० पासून उणे ९० कडे उतरत्या क्रमाने असतात. एक्सअ‍ॅरे या पायथन लायब्ररीच्या स्लाइसला ४५, ७५ असं दिलंत तर रिकामा तुकडा मिळतो आणि त्याची सरासरी नॅन. ७५, ४५ असं द्या, नाहीतर अक्षांश आधी चढत्या क्रमाने लावून घ्या. कोसाइनचं वजनही विसरू नका.

मासिक फाइली मात्र टाकूनच द्या. आधी रोजचा वारा आणि तापमान घ्या, प्रत्येकातून त्याची झोनल सरासरी वजा करा, गुणाकार करा, मग महिन्याची सरासरी. उलट क्रमाने केलं तर महिन्यात हलत्या-बदलत्या लाटांचा वाटा गायब होतो आणि एसएसडब्ल्यूच्या आधीचा उसळता आठवडा सपाट दिसतो. पाव अंशाची जाळी डाउनलोड करत बसू नका, १ अंश भरपूर झाला. या लाटा हजारो किलोमीटर लांबीच्या आहेत.

एसएसडब्ल्यूची व्याख्या अर्धीच घेतलीय. घटना नोव्हेंबर ते मार्चमधलीच धरायची. दोन घटनांमध्ये सलग २० दिवस वेस्टरली हवेत. आणि उलटल्यानंतर ३० एप्रिलच्या आत वारा निदान सलग १० दिवस परत वेस्टरली व्हायला हवा, नाहीतर ते ऋतू संपतानाचं शेवटचं तापणं. तुमच्या यादीत मार्चच्या नोंदी जास्त असतील तर त्यातल्या बऱ्याच याच असणार.

वेसकर:
खरी गफलत ३० हेक्टोपास्कलची. क्यूबीओ महिन्याला साधारण १ किलोमीटर खाली उतरतो, ईस्टरली तर त्याहून रेंगाळत. त्यामुळे एकाच महिन्यात ३० वर ईस्टरली आणि ५० वर वेस्टरली असणं नेहमीचं. होल्टन-टॅनसाठी ५० घ्या, नोव्हेंबर-डिसेंबरचा. मार्चपर्यंतची सरासरी घेतली तर एसएसडब्ल्यू होऊन गेल्यानंतरचे महिनेही कारणात मिसळतात.

सिंगापूरच्या त्या फाइलीत एकक मीटर प्रति सेकंदाचा दहावा भाग आहे. उणे २१५ म्हणजे उणे २१.५. नुसतं चिन्ह बघू नका, सेकंदाला ५ मीटरपेक्षा कमी वेग असलेले महिने 'तटस्थ' गटात टाका. २०१५-१६ आणि २०१९-२० हे हिवाळे वेगळे काढा, त्यांत क्यूबीओची नेहमीची उतरण मध्येच मोडली होती.

आता कारण. हिमालय-तिबेट, रॉकी पर्वत आणि जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक यांमुळे खालून स्थिर ग्रहीय लाटा उठतात. त्या वेस्टरलीतूनच वर चढतात, तेही वारा फार जोरकस नसेल तर, हे चार्नी आणि ड्रेझिन यांनी १९६१ मध्ये मांडलं. म्हणून वर पोचतात त्या मुख्यतः तरंगांक १ आणि २, म्हणजे पूर्ण अक्षांशवृत्तावर एक किंवा दोनच मावणाऱ्या लाटा. वारा शून्य होतो ती रेषा म्हणजे या लाटांची वेस. क्यूबीओ वेस्टरली असेल तर वेस विषुववृत्तापलीकडे असते. ईस्टरली असेल तर ती उत्तरेच्या उपोष्ण पट्ट्यात सरकते, दक्षिणेकडे पांगायला जागा उरत नाही आणि लाटांचा जोर ध्रुवाकडे वळतो. हे चित्र अपुरं आहे. क्यूबीओबरोबर येणारं उभं-आडवं अभिसरणही लाटांची वाट वाकवतं. पण सुरुवातीला पुरे.

मुद्दा असा, की क्यूबीओ फक्त वाट अरुंद करतो, लाटा पुरवत नाही. एसएसडब्ल्यू दशकात सहाच्या आसपास होतात. एवढ्यांचे दोन गट पाडून मोजदाद केली तर योगायोगाचा गोंधळच ऐकू येणार. त्याऐवजी नोव्हेंबर ते जानेवारीचा ६० उत्तरचा सरासरी वारा दोन गटांत ताडून बघा.

अक्षांश६०:
५० वर केलं तरी जानेवारी २००९ वेस्टरलीतच पडतो. तो वगळू?

वेसकर:
अजिबात नाही. खालून तरंगांक २ चा पुरवठाच एवढा होता की भोवरा दुभंगला. क्यूबीओ वेस्टरली, सूर्यचक्र किमानाजवळ, म्हणजे पुस्तकाप्रमाणे भोवरा मजबूत हवा होता. फेब्रुवारी २०१८ शेजारी ठेवा: क्यूबीओ ईस्टरली, त्यात जानेवारीअखेर एमजेओ (विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारा ढग-पावसाचा पट्टा, ठिकाणानुसार त्याचे आठ टप्पे) टप्पा ६-७ मध्ये जोरात. पश्चिम प्रशांतावर ढग उसळले की उत्तर प्रशांतातल्या लाटांची मांडणी बदलते आणि वर जाणारा पुरवठा वाढू शकतो.

पावसाळी_ढग:
म्हणजे एसएसडब्ल्यू झालं की पुण्यात स्वेटर काढायचे?

उंचवारा:
त्यासाठी पश्चिमी विक्षोभ बघा. एसएसडब्ल्यूच्या वेळी उष्ण कटिबंधाचं स्थितांबर थोडं गारठतं खरं, पण ते कपाटातल्या स्वेटरपासून वीस किलोमीटर वर.

अक्षांश६०:
नॅन गेलं. एमजेओसाठी लॅग, म्हणजे घटनेआधीचं अंतर, किती धरू?

वेसकर:
एमजेओ मोजणारा आरएमएम निर्देशांक, तीव्रता १ च्या वर, टप्पे ६ आणि ७, घटनेआधीचे एक ते चार आठवडे. उष्णतेच्या वहनाला मात्र एका दिवसाचा लॅग लावू नका. भोवरा मागच्या साधारण ४० दिवसांचा हिशेब ठेवतो, अलीकडच्या दिवसांना जास्त वजन. तरंगांक १ आणि २ वेगळे करताना आधी वारा आणि तापमान यांचं रेखांशावर फूरिए (लाटा तरंगांकानुसार सुट्या करणं) करा, मग गुणाकार. गुणाकाराचं फूरिए केलंत तर आकडे येतील, पण ते भलत्याच गोष्टीचे.