विषय: नवा कॅमेरा, चाळीसगाव आणि भरताची पार्टी

मंडळी, नमस्कार.

सुखरूप पोचलो. निघताना वहिनींनी बजावलं होतं, ‘कॅमेऱ्याचे नुसते आकडे लिहू नकोस, हातात कसा वाटतो ते सांग.’ म्हणून हा खर्डा.

कॅननचा ३५०डी, ८ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची किट लेन्स. झाले आकडे. पहिला जीव जडला तो आवाजावर. आरसा वर उडतो आणि खटॅक! जुन्या खिशातल्या कॅमेऱ्यात बटण दाबल्यावर पोरगं हसून, रुसून, पळूनही जायचं, मग फोटो निघायचा. इथे दाबला की निघाला.

आजीला मात्र पटला नाही. पडद्याकडे बघून म्हणाली, ‘यामा त काहीच दिखस नही!’ खरंच आहे. फोटो निघेपर्यंत सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या) पुढ्यात आरसा उभा, मग पडद्यावर दिसणार काय? बघायचं ते वरच्या भोकातून. तिथे तिच्या डोळ्याला लावून दिला, तर तिने आधी पदर सारखा केला. स्वतःच दिसणार असं वाटलं असावं.

रविवारी मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी वांगी, शेजारी कळण्याच्या भाकरी. आजोबा पांढरंशुभ्र धोतर-टोपी घालून बसलेले. टोपी-सदरा भरून जवळून फोटो काढला, तर टोपी मळकट! करपलेल्या सालींचा काढला, तर कोळसा राखेसारखा फिका. कॅमेरा बिघडलेला तर नाही ना आला?

— चाळीसगावकर

* * *

अरे, कॅमेरा ठणठणीत आहे. त्याचा उजेड मोजणारा मीटर समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी समजतो, १८ टक्के उजेड परतवणारी. टोपी पांढरी आहे हे त्याला कोण सांगणार? तू. प्लस-मायनसचं बटण दाबून चाक फिरव. टोपीला अधिक एक, कोळशाला उणे एक. उलटं वाटतं, पण पांढऱ्याला जास्त उजेड द्यायचा. इथे काल फूटभर बर्फ पडलाय, आणि नव्या कॅमेरेवाल्यांच्या अंगणात सगळा सिमेंटच्या रंगाचा आलाय. तोच रोग.

आम्ही रोलच्या काळात हे शिकलो, ३६ फोटो धुऊन आल्यावर, पैसे मोजून. तुला तिथल्या तिथे फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख दिसतो. पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा, त्यावरच्या चित्राला भुलू नकोस, आलेख बघ.

आणि चाळीसगावात असून केकी मूस यांच्या घरी गेला नाहीस तर परत येऊ नकोस. इंग्लंडात शिकून आलेला माणूस, पुढे जवळजवळ पन्नास वर्षं उंबऱ्याबाहेर क्वचितच पडला आणि घरातल्या टेबलावर अख्खे देखावे मांडून त्यांचे फोटो काढत राहिला.

— काका

* * *

काका, अधिक एकने टोपी धुऊन निघाली. आजोबा खूश. पण नवं लफडं केलंय, आणि दोष माझाच.

माझ्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० ची लेन्स बरोबर होती. ती याला बसते. फक्त याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, म्हणून १.६ पटीने ८० सारखी लागते. आजीच्या चेहऱ्याला झकास. तर मळ्यातच लेन्स बदलली, वारा सुटलेला, शेजारी कपाशीची वेचणी चाललेली, आणि मी कॅमेऱ्याचं तोंड वर करून तो उघडा धरलेला. संध्याकाळी पाटणादेवीला गेलो. डोंगर सगळा स्पष्ट यावा म्हणून छिद्र पार बारीक, एफ २२ वर. आभाळात उजवीकडे वर करडा ठिपका. दुसऱ्या फोटोत तिथेच. तिसऱ्यातही. घार समजून मी दोनदा लेन्स वळवली! सेन्सरवर धूळ बसलीय.

केकी मूस यांच्या घरी काल गेलो. ते दारं लावून का काम करायचे त्याचं एक कारण तरी मला कळलं.

* * *

तोंडाने फुंकू नकोस! थुंकी उडून बसली की डाग सहजासहजी निघत नाही. रबरी ब्लोअर आण, मेनूतून आरसा वर कर, कॅमेरा उपडा धर आणि हवा मार. बॅटरी भरलेली हवी, मध्येच संपली तर आरसा खाली येईल. ब्लोअर मिळेपर्यंत एफ ५.६ वर काढ. छिद्र मोठं असलं की ठिपका विरघळून जातो, दिसत नाही.

— काका

* * *

भावजी, ठिपक्याचं राहू दे. संक्रांतीच्या पत्रिकेवर आजींचा फोटो हवाय, पदर सारखा केलेला. आणि भरताची मिरची किती घातली होती तेही कळवा, इथे सगळे विचारताहेत.

— वहिनी

* * *

वहिनी, फोटो पाठवतो. मिरचीचं आजीला विचारलं, तर म्हणाली, वांगी बघून ठरवायचं.