सेवा व्यवसायातील बदलता खर्च कसा काढावा?

प्रश्न : ग्राहकांच्या घरी जाऊन यंत्रे दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे. माल विकत नसल्यामुळे बदलत्या खर्चात नेमके काय धरावे, हे उमगत नाही. कारागिरांचा पगार त्यात येतो का?

उत्तर १ : एक काम वाढल्यावर जो खर्च वाढतो, तो बदलता. सुटे भाग, इंधन आणि कामागणिक दिलेली मजुरी त्यात येते; मासिक पगार मात्र काम असो वा नसो द्यावाच लागत असल्याने तो स्थिर खर्चात जातो, जादा तासांचा मोबदला तेवढा बदलता धरावा.

उत्तर २ : किरकोळ वस्तू हमखास सुटतात. वंगणाचा एक डबा ४० कामांना पुरत असेल, तर त्याच्या किमतीचा चाळिसावा भाग प्रत्येक कामावर टाकावा. तसेच १०० कामांपैकी ५ ठिकाणी तक्रारीमुळे पुन्हा फुकट जावे लागत असेल, तर त्या ५ फेऱ्यांचा खर्च सर्व १०० कामांवर वाटावा. (मी स्वतः हे दोन वर्षे विसरलो होतो.)

प्रश्नकर्ता : आभारी आहे. फोनचे बिल अर्धे स्थिर, अर्धे बदलते वाटते. त्याचे काय करावे?

उत्तर १ : सर्वाधिक आणि सर्वांत कमी कामांचे महिने घेऊन बिलांतील फरकाला कामांच्या संख्येतील फरकाने भागावे; येणारा आकडा म्हणजे दर कामामागचा बदलता खर्च, बिलातला उरलेला भाग स्थिर. फक्त त्यांपैकी एखादा महिना अपवादात्मक नसावा.