मदत हवी आहे: कंबरदुखीत डॉक्टर संशोधनाचा आधार घेतात का, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मिरजेत एमपीटीच्या (फिजिओथेरपीतली मास्टर्स) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय शीर्षकातच आलाय. ओळखीतल्या दहा-बारा डॉक्टर-फिजिओंकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘उपचार ठरवताना संशोधन पाहता का?’ यावर जवळपास सगळ्यांनी ‘नेहमी’वर टिक केली. मी खूश!

दुसऱ्या दिवशी ओपीडीत तासगावकडचा एक द्राक्षबागेतला माणूस आला. कंबर धरून दहा दिवस झालेले. पायात मुंग्या नाहीत, ताकद व्यवस्थित. तरी काखेत एमआरआयची पिशवी. “मणक्यात गॅप हाय म्हणले.” केसपेपरवर ट्रॅक्शनची (यंत्रानं कंबर ताणायची) दहा सिटिंग, पट्टा आणि झोपून राहा. लिहिणारे ‘नेहमी’वाल्यांपैकीच एक.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाईडलाइन काढणाऱ्या नाइस (NICE) या संस्थेची 2016 ची गाईडलाइन सांगते, कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊ नका, सरसकट एमआरआय काढू नका. 2015 च्या एका आढाव्यात तर काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्याच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे तो ‘गॅप’ तुमच्या-माझ्यातही निघेल.

केसपेपर लिहिणाऱ्या त्या सरांना भीत भीत विचारलं. म्हणाले, “अगं, गाईडलाइन मलाही माहितीय. पण एवढ्या लांबून एसटीनं आलेल्याला नुसतं ‘हिंडतं-फिरतं राहा’ सांगितलं तर तो उद्या दुसऱ्याकडे जाईल.”

इथेच अडलेय. पुराव्यावर आधारित उपचार म्हणजे काय, याच्या सॅकेट या डॉक्टरांच्या 1996 च्या व्याख्येत संशोधनासोबत डॉक्टरचा अनुभव आणि पेशंटची इच्छाही येते. मग सरांना गुण द्यायचे की कापायचे? केसपेपर तपासावेत, तर त्यात नुसती गोळ्यांची नावं असतात, त्या का दिल्या हे कुणी लिहीत नाही. गाईड मॅडम म्हणतात, आहे तीच प्रश्नावली पुढे ने. मन होत नाही. कुणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १
ताई, ‘नेहमी/कधीकधी’ आधी काढून टाका. स्वतःबद्दल विचारलं की माणूस चांगलंच सांगतो. त्यापेक्षा विचारा, ‘कंबरदुखीचा तुमचा शेवटचा पेशंट आठवा. काय दिलंत? का?’

जोडीला कागदावरच्या दोन जुळ्या केस द्या. वय, काम, दुखणं सारखंच. फक्त एकात लघवी तुंबलीय आणि बसायची जागा बधिर झालीय. तिथे एमआरआय तातडीनं हवाच. दोन्हीला एमआरआय लिहिणारा आणि एकालाच लिहिणारा यांतला फरक आपोआप कळेल. दोन्ही एकापाठोपाठ ठेवू नका, लगेच ओळखतात.

आणि गुण निर्णयाला देऊन थांबू नका. कारणांचा रकाना वेगळा ठेवा: माहीत नव्हतं, माहीत आहे पण पटत नाही, पेशंटचा आग्रह, सोय नाही. तुमचे सर तिसऱ्यात बसतात. पण पेशंटनं खरंच आग्रह धरला होता का, की सरांनीच गृहीत धरलं?

धागाकर्ती
त्या पेशंटला ट्रॅक्शन हवं होतं का, हे मी विचारलंच नाही! गुरुवारी तो पुन्हा येतोय, तेव्हा विचारते. जुळ्या केस लिहून रविवारी इथेच टाकते. तपासून द्याल का?